कंबरेचा आराम कुणाच्या खात्यावर?

संयुक्त अरब अमिरातीत कंबर दुखायला कारणे कमी नाहीत. शारजाहून दुबईला जाताना रोज सकाळी रहदारीत अडकून पडणारा कारकून, जेबेल अलीच्या बंदरातून कंटेनर ओढणारा ट्रेलरचालक, उंच इमारतीवर वाकून सळ्या बांधणारा फिटर, रात्रपाळीत रुग्णाची कूस बदलून देणारी परिचारिका या सगळ्यांची कंबर वेगवेगळ्या कारणांनी धरते, पण तक्रार एकच असते. या देशात राहणाऱ्यांपैकी जवळपास नऊ दशांश लोक बाहेरून आलेले आहेत. त्यांत भारतीय ३५ लाखांहून अधिक आहेत आणि रत्नागिरी-रायगडपासून पुण्यामुंबईपर्यंतची मराठी माणसेही बरीच आहेत. यातल्या बहुतेकांचा व्हिसा नोकरीशी बांधलेला असतो, त्यामुळे कंबर धरली म्हणून पंधरा दिवस पडून राहण्याची चैन परवडत नाही. गावाकडून येताना बॅगेत गोळ्या टाकाव्यात तर कायदा आडवा येतो. ट्रॅमॅडॉल, कोडीन यांसारखी दुखणे दाबणारी औषधे तिथे नियंत्रित यादीत आहेत आणि पूर्वपरवानगी न घेता ती आणली तर विमानतळावरच अडकायची वेळ येऊ शकते. अशा मुलखात ‘औषधाविना आराम’ असे लिहिलेले यंत्र दिसले की हात आपोआप खिशाकडे जातो. १९७५ साली सुरू झालेल्या आणि बराच काळ अरब हेल्थ नावाने ओळखल्या गेलेल्या दुबईच्या प्रदर्शनात जगभरचे उत्पादक आपली उपकरणे मांडतात, आणि दुखण्यावरची यंत्रे हा त्यातला भरभराटीचा व्यवहार आहे. माझे म्हणणे असे, की यातले कोणतेही यंत्र दुखण्यावर खरोखर चालते का, हे ते वापरून बरे वाटलेल्या माणसांना विचारून कळत नाही. ते कळण्याची एक रीत आहे, ती रीत अवघड असली तरी अशक्य नाही, आणि अमिरातीसारख्या देशाने ती आपल्याकडे राबणाऱ्या माणसांसाठी वापरली पाहिजे.

बरे वाटलेल्या माणसावर विश्वास का ठेवायचा नाही, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर कंबरदुखीच्या स्वभावातच आहे. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात, आणि अशा दहापैकी सुमारे नऊ जणांच्या बाबतीत दुखण्याचे एकच एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘चकती सरकलीय’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते, पण ज्यांची कंबर कधीच दुखलेली नाही अशा लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत चकतीची झीज आढळली. म्हणजे चित्रातली झीज आणि अंगातले दुखणे यांचे नाते आपण समजतो तेवढे सरळ नाही. शिवाय हे दुखणे एका पातळीवर कधी राहत नाही, ते चढते आणि उतरते. माणूस डॉक्टरकडे जातो, पट्टा विकत घेतो किंवा यंत्र मागवतो ते दुखणे अगदी शिगेला पोचलेले असताना. शिगेनंतर उतार येतोच, यंत्र लावले तरी येतो आणि न लावले तरी येतो. पण त्या आठवड्यात कंबरेला यंत्र बांधलेले असते, म्हणून उताराचे श्रेय त्याच्या खात्यावर जमा होते. यात कुणी फसवत नाही आणि कुणी खोटेही बोलत नाही. दुखणे खरे होते, आराम खरा आहे, फक्त दोघांमधला दुवा तपासलेला नाही. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल असा अंदाज आहे. एवढ्या लोकांच्या दुखण्याच्या चढउतारावर केवढी मोठी बाजारपेठ उभी राहू शकते, हे लक्षात घेतले की हा दुवा तपासणे किती गरजेचे आहे ते समजते.

विजेने दुखणे शमवण्याची कल्पना फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने डोकेदुखीवर आणि पायाच्या संधिवातावर जिवंत विद्युत-मासा लावण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. आधुनिक काळात या कल्पनेला शास्त्राचा आधार मिळाला तो १९६५ मध्ये, रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या ‘दरवाजा’ सिद्धांतामुळे. कोपर आपटले की आपण नकळत ते चोळतो आणि थोडे बरे वाटते. स्पर्शाचे संदेश नेणारे जाड तंतू पाठीच्या कण्यात वेदनेच्या संदेशांची वाट काही प्रमाणात रोखतात, अशी त्यांची मांडणी होती. कातडीवर दोन चकत्या चिकटवून मंद विद्युतप्रवाह सोडायचा आणि हाच दरवाजा लोटायचा, हे टेन्स नावाच्या यंत्राचे तत्त्व. आज फिजिओकडे ‘मशीन लावून घ्यायला’ जाणाऱ्या कित्येकांना जे लावतात ते हेच किंवा याचेच भावंड. तत्त्व पटण्यासारखे आहे. पण वैद्यकात तत्त्व पटणे हा मुद्द्याचा आरंभ असतो, आणि पुष्कळ विक्रेते तिथेच थांबतात.

पुढचे पाऊल टाकणाऱ्या अभ्यासांत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेली अमेरिकेतली चाचणी मला आजही सगळ्यांत शिकवणारी वाटते. जुनाट कंबरदुखी असलेल्या १४५ जणांचे चार गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले गेले. काहींना खरे टेन्स यंत्र मिळाले, काहींना दिसायला तसेच पण प्रवाह न सोडणारे. दोन्हींतल्या निम्म्यांना जोडीला व्यायामही दिला. महिन्यानंतर खऱ्या यंत्राच्या लोकांत वेदनेच्या मापात सरासरी ४७ टक्के सुधारणा दिसली. एवढा आकडा एकटा छापला तर त्याची झकास जाहिरात होईल. पण निर्जीव यंत्र बांधलेल्यांतही ४२ टक्के सुधारणा होती, आणि दोन आकड्यांतला फरक योगायोगाने पडू शकेल इतकाच होता. टेन्सने व्यायामाच्या फायद्यातही काही भर घातली नाही. व्यायाम करणाऱ्यांना मात्र खरा फायदा झाला, आणि दोन महिन्यांनी बहुतेकांनी व्यायाम सोडल्यावर तो ओसरला. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण व्यायामाची बाजू घेणारे लोक ते वगळतात. व्यायाम लागू पडतो, पण तो टिकवणे कठीण जाते, आणि यंत्राची ओढ नेमकी त्याच पोकळीत शिरते.

बनावट यंत्राशी तुलना केली की प्रत्येक यंत्र नापास होते, असे मात्र नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी एका आभासी-वास्तव उपकरणाला परवानगी दिली. डोक्यावर गॉगलसारखे यंत्र चढवायचे आणि आठ आठवडे रोज काही मिनिटे श्वासाचे, लक्ष वळवण्याचे, वेदनेकडे वेगळ्या नजरेने पाहण्याचे धडे गिरवायचे, असे त्याचे स्वरूप. चाचणीत १७९ जण होते. तुलनेच्या गटालाही तसेच गॉगल दिले होते, त्यात निसर्गाची साधी सपाट चित्रफीत दिसत असे. उपचार संपताना खऱ्या गटातल्या ६६ टक्के लोकांचे दुखणे ३० टक्क्यांहून जास्त कमी झाले होते आणि साध्या चित्रफितीच्या गटातल्या ४१ टक्क्यांचे. या ४१ च्या आकड्याकडे क्षणभर बघावे. नुसती डोंगर-झाडांची चित्रफीत पाहून शंभरातल्या एक्केचाळीस जणांना तज्ज्ञ ‘अर्थपूर्ण’ मानतात तेवढा आराम पडला. यंत्राचे स्वतःचे योगदान म्हणजे उरलेले पंचवीस. ते मोलाचे आहे, शिवाय काही फायदा तीन महिन्यांनीही टिकून होता. पण ६६ आणि २५ हे फार वेगळे आकडे आहेत, आणि विकत घेणाऱ्याला दोन्ही कळले पाहिजेत. त्याच चाचणीत सुमारे पाचातल्या एकाला गॉगलचा त्रास झाला आणि दहातल्या जवळपास एकाला मळमळले, म्हणजे ‘औषधाविना’ याचा अर्थ ‘विनात्रास’ असा होत नाही.

आता याच चाचणीची दुसरी बाजू. तीत सहभागी झालेल्यांत तीन चतुर्थांश महिला होत्या, दहातले नऊ गौरवर्णीय होते, बहुतेक सगळे महाविद्यालयाची पायरी चढलेले होते आणि सरासरी वय पन्नाशीचे. त्या लोकांच्या बाबतीत निकाल खरा आहे. अमिरातीतल्या मुसाफ्फाच्या कामगार वसाहतीत एका खोलीत सहा जणांसोबत राहणाऱ्या, रोज दहा तास वजन उचलणाऱ्या तिशीतल्या माणसाला तो लागू पडतो का, हे त्यावरून सांगता येत नाही. त्याला रोज शांत बसून गॉगल घालायला कोपरा मिळेल का? सूचना कोणत्या भाषेत ऐकू येतील? कातडीला चिकटवायच्या चकत्या ऑगस्टच्या घामात किती वेळ टिकतील? हे प्रश्न बारीकसारीक वाटतात, पण प्रयोगशाळेत चाललेले यंत्र माणसाच्या आयुष्यात बंद पडते ते अशाच बारीकसारीक कारणांनी. म्हणूनच परदेशातल्या चाचणीचे प्रमाणपत्र दाखवून यंत्र अमिरातीत विकणे पुरेसे नाही असे मला वाटते.

अमिरातीला मोठी चाचणी झेपेल का, या शंकेला २०२० सालीच उत्तर मिळाले आहे. त्या वर्षीच्या जुलैत अबू धाबीत सिनोफार्मच्या करोना लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली आणि सुमारे सहा आठवड्यांत सव्वाशे देशांचे ३१ हजार स्वयंसेवक पुढे आले. बहारीनसह ४० हजारांहून अधिक लोकांच्या या चाचणीचे निष्कर्ष मे २०२१ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात छापले गेले. दोन गटांना दोन वेगवेगळ्या लसी आणि तिसऱ्याला विषाणूचा अंश नसलेले इंजेक्शन, अशी चोख तुलना होती. चिठ्ठी टाकून गट पाडणे, कुणाला काय मिळाले हे लपवणे, नाना भाषांच्या माणसांना समजावून संमती घेणे, हे सगळे तिथे होऊन गेले आहे. त्याच चाचणीने एक उणीवही दाखवली. सहभागींत सुमारे ८४ टक्के पुरुष होते आणि सरासरी वय छत्तीसच्या आसपास. अमेरिकेतल्या चाचणीत बायका आणि शिकलेले लोक जास्त, इथे तरुण पुरुष जास्त. कंबरदुखीच्या चाचणीत घरकामगार बाया, परिचारिका आणि ज्येष्ठ अमिराती नागरिक मुद्दाम शोधून आणावे लागतील. आणखी एक अडचण मला जास्त गंभीर वाटते. कामगाराला ‘चाचणीत ये’ असे त्याच्या मालकाच्या माणसाने सांगितले तर त्या होकाराला संमती म्हणता येणार नाही. विचारणा आणि नोंदणी कंपनीच्या हाताबाहेर, दवाखान्यात आणि त्या माणसाच्या भाषेतच व्हायला हवी.

भाषेचा मुद्दा शिष्टाचाराचा नाही, मोजमापाचा आहे. वेदनेला थर्मामीटर नसतो. रुग्ण काय सांगतो तेच माप. कंबरदुखीच्या चाचण्यांत ऑस्वेस्ट्री नावाची प्रश्नावली वापरतात. तिच्या दहा भागांत उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोपणे, प्रवास अशा रोजच्या गोष्टी विचारतात. तिची मराठी आवृत्ती भारतीय रुग्णांवर तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. ‘ठणका’, ‘कळ’, ‘चमक’, ‘मुंग्या’, ‘जडपणा’ या शब्दांतला फरक मराठी माणसाला उपजत कळतो आणि इंग्रजीतल्या एकाच शब्दाखाली तो पुसला जातो. मल्याळम, उर्दू, बंगाली, तगालोग बोलणाऱ्यांचेही तेच. अजमानचे गल्फ मेडिकल विद्यापीठ आणि शारजा विद्यापीठ इथे फिजिओथेरपी शिकवली जाते, आणि तिथल्या वर्गांत या भाषा बोलणारे विद्यार्थी सापडणे कठीण नसावे. त्यांच्याकडून प्रश्न विचारले गेले तर उत्तराला वजन येईल.

आता आक्षेप. सर्वांत जोरदार आक्षेप असा की आराम पडला, मग तो प्रवाहाने पडला की विश्वासाने, याची उठाठेव कशाला? दुखणाऱ्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न आला तर तो मला पूर्ण रास्त वाटतो. पण विश्वासाची किंमत कोण आणि किती मोजतो, ते पाहावे लागते. महिन्याच्या पगारातून गावी पैसे पाठवणाऱ्याने शेकडो दिरहम एका डबीवर घालवले आणि वर्षभरात ती कपाटात गेली, तर पैशांबरोबर वर्षही गेले. आणि विश्वासाचाच उपयोग करायचा असेल तर तो उघडपणेही करता येतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पोर्तुगालमधल्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना ‘या गोळीत औषध नाही’ असे स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत त्यांचे दुखणे सुमारे ३० टक्के कमी झाले, नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांचे अवघे ९ टक्के. मनाची ही ताकद जर स्वस्तात आणि खरे बोलून मिळू शकते, तर ती महागड्या यंत्राच्या नावावर खपवणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरा आक्षेप तंत्राचा आहे. गोळी बनावट करता येते, यंत्र कसे करणार, मुंग्या आल्या नाहीत की माणूस ओळखणारच, असे म्हणतात. डेयो यांच्या गटाने ही शंका आधीच घेतली होती आणि शेवटी रुग्णांनाच विचारले, तुमचे यंत्र चालू होते असे वाटते का? खऱ्या यंत्राच्या सगळ्यांनी हो म्हटले, पण बनावट यंत्राच्याही ८४ टक्के लोकांनी हो म्हटले. नीट रचले तर लपवता येते, आणि किती लपले तेही मोजता येते. यात फसवणूक आहे असेही काही जण म्हणतात. पण सहभागी होण्याआधीच ‘तुम्हाला दोन्हींपैकी एक मिळेल, कोणते ते शेवटी सांगू’ असे सांगितलेले असते, आणि बनावट गटाला नंतर खरे यंत्र फुकट देण्याची सोय करता येते.

टेन्सचे समर्थक आणखी एक मुद्दा मांडतात आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. जुन्या चाचण्यांत प्रवाह फार मंद ठेवला, पुरेसा वेळ लावला नाही, असे ते म्हणतात. २०२२ मध्ये ३८१ चाचण्या आणि २४ हजारांहून अधिक रुग्ण एकत्र करून केलेल्या आढाव्यात यंत्र लावलेले असताना आणि काढल्यावर लगेच दुखणे बनावटीपेक्षा कमी होते, असे दिसले. यात सगळ्या प्रकारची दुखणी होती. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली, तीत माहिती देणे, व्यायाम, मानसिक उपचार, मालिश यांना जागा दिली आणि टेन्स, ट्रॅक्शन, कंबरेचे पट्टे व अफूजन्य वेदनाशामके यांचा नित्य वापर करू नये असे म्हटले. दोन्हींत मला विरोध दिसत नाही. अर्धा तास बरे वाटणे आणि सहा महिन्यांनी कामावर नीट बसता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र पहिली गोष्ट करत असेल तर डबीवर तेवढेच लिहावे.

औषधांचा पुरावा तरी कुठे धड आहे, असे कुणी विचारले तर त्यालाही मी हो म्हणेन. अचानक उद्भवलेल्या कंबरदुखीवर पॅरासिटामॉल बनावट गोळीपेक्षा सरस ठरले नाही हे २०१४ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीने दाखवले, आणि २०२३ मध्ये तिथेच अफूजन्य औषधाचेही तेच झाले. म्हणजे गोळ्या बदनाम झाल्या त्या तपासल्या गेल्या म्हणून. यंत्रांनाही त्याच तराजूत बसवायला हवे, कारण नियमांनी आजवर त्यांना सवलत दिली आहे. अमेरिकेत बहुतेक टेन्स यंत्रे ‘आधीच्या मान्य यंत्रासारखीच’ असल्याचे दाखवून बाजारात येतात. भारतात सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली ती १ एप्रिल २०२० पासून. अमिरातीत औषधे आणि उपकरणांसाठी आता एमिरेट्स ड्रग एस्टॅब्लिशमेंट ही स्वतंत्र संस्था आहे. झटका बसत नाही, भाजत नाही, एवढे पाहून परवाना देणे आणि उपयोग होतो हे पाहून देणे यातला फरक नव्या संस्थेने डबीवर ठळक छापायला लावला, तरी ग्राहकाच्या हाती बरेच काही येईल.

चाचणी झालीच तर यंत्राची तुलना फक्त बनावटीशी होऊ नये, चालण्याशीही व्हावी. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांपैकी निम्म्यांना फिजिओच्या मार्गदर्शनाखाली चालायला लावले. त्यांची कंबर पुन्हा धरेपर्यंत मध्यकाने २०८ दिवस गेले, इतरांची ११२ दिवसांत. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायलाच जिथे बंदी असते तिथे चालायचे कुठे, हा प्रश्न खरा आहे. दुबईने ऑगस्ट २०२५ मध्ये सकाळी मॉल उघडून लोकांना गारव्यात चालायची सोय केली, पण भल्या पहाटे कंपनीच्या बसने कामावर जाणाऱ्याला ती वेळ साधत नाही. त्याच्या वसाहतीत रात्री दिवे लावलेली पाऊणशे मीटरची वाट हा चाचणीचा एक गट, खरे यंत्र दुसरा, बनावट यंत्र तिसरा. सहा महिन्यांनी तिन्ही गटांतल्या ट्रेलरचालकाला त्याच्या भाषेत ऑस्वेस्ट्रीमधला बसण्याविषयीचा प्रश्न विचारायचा: दुखण्यामुळे उठावे न लागता किती वेळ बसू शकता? जेबेल अलीहून फुजैराला जाऊन यायला लागणारे तास त्याला पाठ असतात, उत्तर तो त्याच हिशेबाने देईल.